अंगात काय घडलं, काचेवर काय घडलं

प्रश्न, थोडक्यात: "फोंड्याला आमच्या वाड्यावरच्या सभागृहात आरोग्य शिबिर झालं. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपमधून टीव्हीवर मोठा करून दाखवला. माझ्या लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या. 'रक्त आम्लधर्मी झालंय, प्रोटीन पचत नाही, बुरशीही आहे, मासे बंद करा,' असं सांगितलं. मिस्टरांच्या रक्तात 'विषारी कण' निघाले. दोघांची मिळून तीन महिन्यांची पावडर साडेसात हजार रुपयांची. मी ४६ वर्षांची, शाळेत शिकवते. सहा महिने झाले, सारखी दमते, केस गळतात. मिस्टरांना मधुमेह आहे, दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू. पडद्यावर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मग खोटं कसं म्हणू? आणि रक्त बघून खाणंपिणं खरंच कळतं का?"

ताई, तुम्ही पाहिलंत ते खोटं नव्हतं. चळती होत्याच. फक्त त्या तुमच्या अंगात नव्हत्या, काचेवर झाल्या. तीस वर्षं मी पॅथॉलॉजीचं काम करते आहे आणि या कामात शिकायचं म्हणून जे काही असतं ना, त्यातलं निम्मं एवढंच: समोर दिसतंय ते पेशंटच्या अंगात घडलंय की काचेवर?

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, जुलैच्या पावसाने शिकवलं. नोकरीचा पहिला पावसाळा. आदल्या आठवड्यापर्यंत सरळ चाललेल्या माझ्या स्लाइड एकाएकी बिघडल्या. प्रत्येक लाल पेशीच्या मधोमध चकचकीत, कडा कापल्यासारखं भोक. एका पेशंटच्या नव्हे, सकाळच्या अकराच्या अकरा पेशंटच्या. मी घाबरून जाडजूड पुस्तकं उघडून बसले. आमचे जुने टेक्निशियन आले, एका डोळ्याने बघितलं आणि म्हणाले, "बाय, हो रोग न्हय, हो पावस." स्लाइडवर रक्त पक्कं बसवायला मिथेनॉल लागतं आणि मिथेनॉल हवेतलं पाणी पितं. गोव्याच्या पावसात बाटलीचं बूच सैल राहिलं की दोन दिवसांत त्यात पाणी मुरतं आणि त्याची भोकं पेशींवर उमटतात. नवी बाटली उघडली आणि अकराही माणसं दुपारपर्यंत बरी झाली.

आता तुमच्या चळतींकडे येते. लाल पेशी म्हणजे मध्ये दबलेली चकती, रुंदी साधारण ७ ते ८ मायक्रॉन. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये अशा पंचेचाळीस-पन्नास लाख. वाहत्या रक्तात त्या सतत ढवळल्या जातात. थेंब काचेवर ठेवून वर कव्हरस्लिप टाकली की वाहणं थांबतं आणि रक्तातल्या फायब्रिनोजेनसारख्या प्रथिनांमुळे चकत्या एकीवर एक बसू लागतात. त्याला रूलो म्हणतात. तुमच्या बसतील, माझ्या बसतील, टीव्हीशेजारी उभं राहून समजावणाऱ्या त्या मुलाच्याही बसतील.

तुमचा प्रश्न आला त्या दिवशी मी लॅब बंद करताना स्वतःचंच बोट टोचलं. एकाच टोचणीतले दोन थेंब, दोन काचा. पहिल्यावर लगेच कव्हरस्लिप टाकून कडेच्या पातळ भागात बघितलं: पेशी सुट्या, गोल, आपापल्या तरंगताहेत. त्याच काचेच्या मधल्या जाड भागात सरकले, तिथे चळती. दुसरी काच पंख्याखाली दहा मिनिटं तशीच ठेवली आणि मग बघितली, तर कडेच्या पेशींना काटे फुटलेले, फणसाच्या सालीसारखे. रक्त सुकायला लागलं की असं होतं. शिबिरात या काट्यांना काय म्हणतात ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण दरवेळी काही ना काही नाव असतंच. एक बाई, एक बोट, दहा मिनिटं, आणि माझ्याकडे निरोगी, आम्लधर्मी आणि 'विषाने भरलेलं' अशी तीन रक्तं जमली. मध्ये मी चहासुद्धा प्यायले नव्हते.

यात एक खोच आहे ती सांगून ठेवते. तीन महिन्यांनी पावडर संपल्यावर 'फरक बघायला' पुन्हा बोलावतात. त्या वेळी काच जाड भागाऐवजी कडेच्या पातळ भागावर धरली की पेशी सुट्या दिसणारच. दाखवणाऱ्याला फसवायचं असतंच असं नाही. पुष्कळांना दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन मशीन हातात दिलेलं असतं आणि त्यांचा त्यावर मनापासून विश्वास असतो.

रूलो कधी खऱ्या असतात? नीट ओढलेल्या, रंगवलेल्या स्लाइडवर, पेशी एकेरी थरात पसरल्या आहेत अशा जागीही त्या चळतीच करून बसल्या, तर. मग रक्तात प्रथिनं वाढली आहेत का ते बघावं लागतं: जुनाट संसर्ग, सूज, क्वचित मायलोमा नावाचा अस्थिमज्जेचा कर्करोग. तुमच्या रिपोर्टवर जो ईएसआर, म्हणजे लाल पेशी खाली बसण्याचा वेग, असतो, तो याच चळतींवर चालतो. चळत जड, म्हणून लवकर खाली बसते. खरी रूलो दिसली तर मी पावडर देणार नाही, पेशंटच्या डॉक्टरांना फोन करीन.

आम्लधर्मी रक्त ही तर निव्वळ बात. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये असतो आणि फुप्फुसं व मूत्रपिंडं तो सतत सांभाळतात. तो ७.२ झालेला माणूस सभागृहात खुर्चीवर बसून टीव्ही बघत नसतो, तो आयसीयूत असतो. मासे खाऊन तो हलत नाही, सोलकढी पिऊनही हलत नाही. शिवाय पीएच मायक्रोस्कोपमधून दिसतच नाही, त्याला वेगळं यंत्र लागतं. बुरशीचंही तेच. रक्तात यीस्ट, म्हणजे बुरशी, नुसत्या एका थेंबात काचेवर सापडण्याइतकं असेल तर ती जिवावरची गोष्ट आहे. पडद्यावर 'बुरशी' म्हणून दाखवतात तो बहुधा प्लेटलेटचा पुंजका असतो, कधी बोटावरची धूळ, कधी काचेचा कण.

मिस्टरांच्या 'विषारी कणां'वर मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्या कार्यक्रमात खरोखर खाण्याशी संबंध असलेली तेवढी एकच गोष्ट होती. शिबिर सकाळी होतं ना? मिस्टर काय खाऊन गेले होते? पुरी आणि पातळ भाजी? भजी-पाव? काळ्या पार्श्वभूमीवर, म्हणजे डार्क फील्डमध्ये, ताज्या रक्तात चमकणारे, थरथरणारे बारीक ठिपके दिसतात, ते बहुतेक कायलोमायक्रॉन. जेवणातलं तेल-तूप आतड्यातून शोषलं गेलं की ते अशा थेंबुकल्यांतून रक्तात येतं, काही तास राहतं आणि जातं. ते नाचतात म्हणून जिवंत वाटतात, पण पाण्यातला कुठलाही सूक्ष्म कण तसाच नाचतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही संशोधकांनी हेच ठिपके मोजून चरबीचं पचन अभ्यासलंही होतं. तेव्हा त्या टीव्हीवरून मिस्टरांच्या आहाराबद्दल एवढं ठामपणे सांगता आलं असतं: यांनी सकाळी तळलेलं खाल्लंय.

डार्क फील्डचा राग नाही माझा. उपदंशाचे, म्हणजे सिफिलिसचे, जंतू दाखवायला ते शंभर वर्षांपासून वापरात आहे. लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे आपल्या लेप्टोच्या तापाचे, जंतूही त्यात दिसतात. पण लेप्टोचीच गोष्ट बघा. पावसाळ्यात शेतातल्या चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप आला की आपल्याकडे लेप्टोचा संशय येतोच. मग रक्ताचा थेंब डार्क फील्डखाली धरून निदान का करत नाहीत? कारण रक्त गोठताना तयार होणारे फायब्रिनचे धागे आणि फुटक्या पेशींचे तुकडे हुबेहूब त्या वळवळत्या जंतूंसारखे दिसतात. मुरलेल्या माणसांचेही डोळे तिथे फसतात, म्हणून अँटिबॉडी किंवा पीसीआर चाचणीवर भर. जे धागे प्रयोगशाळेत आम्हाला चकवतात, तेच शिबिरात 'परजीवी' म्हणून विकले जातात.

या सगळ्याचं मूळ ग्युंथर एंडरलाइन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाकडे जातं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी मांडलं की प्रत्येकाच्या रक्तात सूक्ष्म वनस्पतिरूपं वस्ती करून असतात, ती रूप बदलून जंतू होतात, बुरशी होतात. सूक्ष्मजीवशास्त्राने हे स्वीकारलं नाही. २००५ साली जर्मनीतच या पद्धतीने कर्करोग ओळखता येतो का ते तपासलं गेलं आणि येत नाही असं निघालं. दुसऱ्या एका पाहणीत एकच रक्त दोन अनुभवी माणसांनी वाचलं, तर त्यांचं आपसात जुळलं नाही.

मग रक्ताची काच बघून खाणंपिणं कळतच नाही का? कळतं की. पण वेगळ्या काचेवर आणि संथपणे.

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधला एक थेंब काचेच्या एका टोकाला ठेवायचा. दुसरी काच तीस-पंचेचाळीस अंशांत तिरकी धरून, थेंब तिच्या कडेला पसरला की एका दमात पुढे ओढायची. जिभेच्या आकाराची स्मिअर आली पाहिजे, शेवटी पातळ होत गेलेली. हवेवर वाळवायची. मग लेशमनचा रंग, हा १९०१ सालापासून आहे आणि आपल्याकडच्या लॅबमध्ये अजून तोच. दोन मिनिटं नुसता रंग, नंतर दुप्पट बफरचं पाणी घालून आठ-दहा मिनिटं, आणि मग धुवायची. लाल पेशी अबोलीच्या फिक्या पाकळीसारख्या, पांढऱ्या पेशींची केंद्रं जांभळी. जाड टोकाला बघायचं नाही, तिथे सगळ्यांच्याच चळती. अगदी शेपटीतही नाही, तिथे पेशी चपट्या होऊन मधला फिकेपणा हरवतो. शेपटीच्या जरा अलीकडे, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात, तेवढ्याच पट्ट्यावर आमचा विश्वास.

तुमच्या वयाच्या आणि तुमच्या तक्रारीच्या बाईची स्लाइड आली की मी आधी एक छोटा लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीची पांढरी पेशी, शोधते. त्याचं केंद्र म्हणजे माझी फूटपट्टी. निरोगी लाल पेशी साधारण तेवढीच असते. लोह कमी असेल तर लाल पेशी त्याहून लहान दिसते आणि मधला फिका भाग, जो एरवी पेशीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो, तो पसरत पसरत कडेला नुसती गुलाबी रिंग उरते. अधूनमधून लांब, पेन्सिलीसारख्या पेशी. हे चित्र शाळेतल्या मुलींमध्ये, बाळंतिणींमध्ये, पाळी जास्त जाणाऱ्या बायकांमध्ये मी रोज बघते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी निघाल्या होत्या, तेव्हा नवल काही नाही.

लहान पेशी दिसल्या की लोहच कमी, असंही डोळे मिटून लिहायचं नसतं. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा मायनर, म्हणजे सौम्य, प्रकार असला तरी पेशी लहानच असतात, पण त्यांची संख्या भरपूर असते. अशी माणसं वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात राहतात आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही.

बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की उलटं. पेशी मोठ्या, अंडाकार. आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्राला एरवी तीन-चार पाकळ्या असतात, त्या पाच-सहा होतात. सहा पाकळ्यांचा एक जरी दिसला तरी मी खुर्ची पुढे ओढते. आता इथे गंमत बघा. एखाद्याचं लोहही कमी आणि बी-१२ही कमी असेल, तर काही पेशी लहान, काही मोठ्या, आणि पेशी मोजणारं मशीन सरासरी काढून एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, अगदी नॉर्मल छापतं. दोन उणिवा एकमेकींना झाकून घेतात. काचेवर मात्र दोन्ही पिलावळी शेजारी-शेजारी बसलेल्या दिसतात. मशीनपेक्षा माणसाचा डोळा सरस ठरतो तो अशा वेळी. म्हणून रिपोर्टमध्ये स्मिअर कुणा पॅथॉलॉजिस्टने बघितली आहे का, ते विचारत जा.

दारूही पुष्कळदा काचेवर लपत नाही. रोज बरीच पिणाऱ्याच्या पेशी बहुधा हळूहळू मोठ्या होतात, पण त्या गोल असतात, बी-१२ सारख्या अंडाकार नाहीत. "डॉक्टर, फक्त उर्राकच्या सीझनला," असं हसत सांगणारे पुष्कळ येतात. एमसीव्ही १०४ असेल तर मी हो म्हणते आणि लिहायचं ते लिहिते. पिणं थांबल्यावर पेशी मूळ मापावर यायला दोन-चार महिने लागतात, कारण लाल पेशीचं आयुष्यच १२० दिवसांचं.

या १२० दिवसांतच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. काचेवरच्या पेशी कालपरवाच्या जेवणाने घडलेल्या नसतात. मागच्या तीन-चार महिन्यांत अस्थिमज्जेला जो माल मिळाला, त्यातून त्या घडल्या. बी-१२चा साठा तर यकृतात काही वर्षं पुरतो. श्रावणभर मासे सोडले म्हणून कुणाचं बी-१२ पडत नाही. जन्मभर शाकाहारी, त्यात दूधही नाही, किंवा पोटातून शोषलंच जात नाही, अशांचं पडतं. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, साखर, कोलेस्टेरॉल यांतलं काहीही मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. कुणी दाखवलं तर लगेच उठा.

आता तुमचं स्वतःचं. मासे बंद करू नका. सगळ्या शिबिरातला सगळ्यात वाईट सल्ला तो होता. बांगडे, तारले, आणि विशेष करून तिसऱ्या हे बी-१२चं भांडार आहे. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि स्मिअर, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच एवढं करून घ्या. सीबीसी सरकारी रुग्णालयातही होतं. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. हिमोग्लोबिन पडण्याच्या कितीतरी आधी तो रिकामा होतो, आणि दमणं व केस गळणं याच टप्प्यावर सुरू होऊ शकतं. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन १२ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. अंगात ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वर जातं, तेव्हा सर्दीतापात तपासू नका. पाळी जास्त जाते का, लांबते का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. छेचाळिसाव्या वर्षी तो पहिला प्रश्न असतो. लोह कमी निघालं तर ते कुठून गळतंय हे शोधणं गोळीइतकंच महत्त्वाचं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. डाळ-भाजीवर लिंबू पिळलंत तर ते उलट मदत करतं.

मिस्टरांची मला जास्त काळजी वाटते. दहा वर्षं मेटफॉर्मिन म्हणजे बी-१२ तपासायलाच हवं, हे औषध त्याचं शोषण कमी करतं. पायाला मुंग्या येतात का विचारा. त्या मधुमेहाच्याही असतील, बी-१२च्याही असतील, आणि बी-१२च्या असल्या तर वेळीच हाताळल्यावर जाऊ शकतात. त्यांचंही सीबीसी करा. लोह कमी असलं की तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, एचबीएवनसी, आहे त्याहून थोडा चढा दिसू शकतो आणि मग उगाच गोळ्या वाढतात.

आणि पुरुषाचं लोह कमी निघालं तर गप्प बसायचं नाही. एक किराणा दुकानदार माझ्याकडे आले होते, साठीच्या आसपासचे. अशाच एका शिबिरात रक्त 'दाट' निघालं म्हणून आठ महिने पावडर घेत होते. स्लाइडवर पेन्सिल पेशींची रास. पुरुषाला पाळी नसते, मग रक्त जातंय कुठे? शौचाची तपासणी केली, मग दुर्बीण, आणि मोठ्या आतड्यात गाठ सापडली. ऑपरेशन झालं, आज दुकानात बसतात. पण ते आठ महिने मला अजून बोचतात. पावडरीने त्यांना काही अपाय केला नव्हता, तिने फक्त वेळ खाल्ला.

राहिलेली पावडर फोडलेली नसेल तर परत द्यायला जा. पावती मागा. पावती नसेल तर त्यावरूनही काय ते कळेलच.

तपासण्या करून या, आणि पडद्यावर पाहायची हौस अजून असेल तर तीही भागवू. माझ्याकडे दोन मुंड्यांचं मायक्रोस्कोप आहे, दोघींना एकाच वेळी बघता येतं. लोह कमी निघालं आणि गोळ्या सुरू केल्या, तर आठ-दहा दिवसांनी एक स्लाइड करू. त्या फिक्या, बारीक पेशींच्या गर्दीत मध्येच जरा मोठ्या, निळसर झाक असलेल्या काही पेशी दिसतील. त्या नुकत्याच अस्थिमज्जेतून बाहेर पडलेल्या तरुण पेशी. त्या काचेवर होत नाहीत, अंगातूनच याव्या लागतात. येताना मात्र भजी खाऊन आलात तरी चालेल.